सगुणेची घंटा

गेल्या चार-पाच वर्षांत जगातल्या प्रत्येक वस्तूचा आवाज कमी झाला आहे, हा शोध कासार आंबोलीतल्या आमच्या घरमालकांनी एकट्याने लावला आणि आजतागायत तो एकट्यानेच मानत आले आहेत. एसटीचा हॉर्न, देवळातला स्पीकर, कावळे, सून, सगळ्यांचे आवाज उतरले, यात त्यांना तिळमात्र शंका नाही. कारणंही तयार असतात. "यस्टीवाल्यास्नी वरनं आर्डर आलीया, हारन वाजवायचा न्हाई." कावळ्यांचं खापर ते बंगलेवाल्यांवर फोडतात आणि माणसांबद्दल त्यांचं एकच मत आहे: "आताची मानसं पोटातल्या पोटात बोलत्यात. खानं कमी झालं, दुसरं काय." त्यांचा कोंबडा आरवायचा थांबला म्हणून त्यांनी तो शेजारच्या भरे गावच्या पाहुण्यांना देऊन टाकला. आठवड्याने पाहुणे कोंबडा काखेत घेऊन परत आले. ह्याच्या ओरडण्याने घरात कुणाला झोप नाही म्हणाले. घरमालक क्षणभरही गडबडले नाहीत. "भऱ्याचं पानी मानवलं त्याला," म्हणाले, आणि कोंबडा परत तिकडेच पाठवला.

मी मूळची जळगावची, नोकरी हिंजवडीत, आणि सात वर्षं यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, दुरुस्त्यांची. दुरुस्त्यांच्या यादीत "कुकर" हा शब्द यांच्यामुळे तीनदा आला. एकदा तिसरी शिट्टी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर झाली आणि ते म्हणाले, "म्याडम, तुमच्या कुकराला शिट्टीच न्हाई राहिली. फुटंल कवातरी." दुसऱ्या दिवशी स्वतः पिरंगुटला जाऊन रबर घेऊन आले. अशी तीन रबरं माझ्या कपाटात आहेत. कानांचा विषय घरात फक्त एकदा निघाला, त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी काढला. "माज्या कानाला काय धाड भरलीया?" एवढं बोलून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तेव्हापासून त्या घरात सगळे शांतपणे ओरडून बोलतात, आणि भाडेकरू असून मला त्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं.

म्हणूनच सगुणेचं प्रकरणही माहीत होतं. सगुणा ही त्यांची म्हैस. जमीन तुकड्यातुकड्यांनी बंगलेवाल्यांकडे गेली, बैल गेले, उरली ही एक. आमच्याकडे आषाढात धुकं उतरलं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. अशा वेळी चरायला सोडलेलं जनावर शोधायचं ते गळ्यातल्या घंटेवरून. घरमालक तिला डोंगराच्या पायथ्याला सोडून चहाच्या टपरीवर बसायचे आणि दुपारी घंटेच्या आवाजाने जाऊन घेऊन यायचे. मागच्या पावसाळ्यात ती दोनदा हरवली. पहिल्यांदा आपली आपण परत आली. दुसऱ्यांदा पुण्याच्या एका कुटुंबाच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यात, निळ्या फरश्यांच्या पोहण्याच्या तलावात सापडली. ते कुटुंबही तेव्हा तलावातच होतं. तलाव घासायला घरमालकांचा मुलगा गेला आणि परत येऊन त्याने अंगणात उभं राहून सांगितलं, "आबा, फुडच्या पावसाळ्यात एकदा जरी हरावली, तर म्हस इकायची. गोठा पाडून पारकिंग करायचं. खोल्यांची गिऱ्हाइकं गाड्या लावाय जागा मागत्यात." घरमालकांनी हे ऐकलं, कारण मुलाने ते गावाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. त्यांनी सगुणेच्या गळ्यातली घंटा सोडून हलवली, कानाशी नेली आणि निदान केलं: "घंटा बद झालीया." म्हणजे तिचा आवाज बसला.

त्या थंडीत मी ऑफिसातल्या बारा जणांची कच्छची सहल काढली होती. पाच दिवस, मिनी बस, वेळापत्रक छापील. अवशेष दोन तास, रानगाढवं सकाळी साडेसहा, रण सूर्यास्त चाळीस मिनिटं, कारागिरांची गावं तीन. कागद जिन्यात लावला होता. घरमालकांची नजर अजून घारीसारखी आहे. शेवटच्या ओळीपाशी बोट ठेवून ते म्हणाले, "घंटा बनावनारं गाव? हे कुटं आलं?" एक सीट रिकामी होती. निघायच्या दिवशी ते धुतलेलं धोतर, टोपी आणि कापडी पिशवी घेऊन बसच्या दारात सगळ्यांच्या आधी हजर होते. पिशवीत घंटा होती. पाच दिवस ती मांडीवरून खाली उतरली नाही.

धोळावीऱ्याला, हडप्पाकालीन शहराच्या अवशेषांत, गाईड फार तन्मयतेने सांगत होता. आमची मंडळी मान हलवत होती आणि हळूच फोटो काढत होती. घरमालक पहिल्या रांगेत उभे राहून अर्धा तास त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "पाच हजार वर्सांमागचं सांगतुया न्हवं? म्हनून लांबनं आल्यागत वाटतंय." मग कोरडे दगडी हौद बघून त्यांनी विचारलं, "गाळ कोन काढतंय?" आवाज एवढा मोठा होता की दुसऱ्या टोकाच्या गुजराती शाळेच्या सहलीतले मास्तर वळून बघू लागले. गाईडने पुढच्या हौदाकडे बोट दाखवलं. घरमालकांच्या मनातून ते शहर तिथेच उतरलं.

रानगाढवांच्या वेळी जीपवाल्याने ओठांवर बोट ठेवून शांतता पाळायला सांगितलं होतं. बोट घरमालकांनी पाहिलं, त्याचा अर्थ ते धुळीमुळे असा लावला आणि उपरण्याने तोंड झाकून घेतलं. मग समोर वीस-पंचवीस जनावरं उभी असताना उपरण्यातून गर्जले, "म्याडम, गाढवं दिसली का तुमाला?" आमच्या बाराही जणांच्या कॅमेऱ्यांत रानगाढवांचे जे फोटो आहेत, ते सगळे पाठीमागून आहेत. वर यांचं म्हणणं, "पळाली पन वरडली न्हाईत. हिकडं बी त्येच."

चौथ्या दिवशी घंटेवाल्यांचं गाव आलं. माझ्या वेळापत्रकात पंचेचाळीस मिनिटं. लोहार पन्नाशीचा, पत्र्याच्या छपराखाली बसलेला. पुढे बोटाएवढ्या घंटेपासून डोक्याएवढ्या घंटेपर्यंत रांग. कडेवर छोट्या हातोडीचे टोले घालून तो प्रत्येकीचा सूर लावत होता. आमच्या मंडळींना बाणेर-बावधनच्या फ्लॅटच्या बाल्कनीत टांगायला घंटा हव्या होत्या. एकीने विचारलं, कोणत्या घंटेने घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते. लोहाराने सगळ्यात न खपणारी घंटा दाखवली. एवढ्यात घरमालक पुढे झाले, मांडी घातली आणि पिशवीतली घंटा त्याच्यापुढे ठेवली. "म्हशीची हाय. बद झालीया. दुरुस्त करा."

लोहाराने ती वाजवली. स्वच्छ, खणखणीत. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. "ये तो बराबर है, काका."

"बराबर न्हाई. ऐका की. हाय का आवाज?"

लोहाराने पुन्हा वाजवली, पण या वेळी घंटेकडे नाही, घरमालकांच्या चेहऱ्याकडे बघत. मग रांगेतल्या एकेका घंटेला टोला देत गेला, लहानीपासून मोठीकडे. लहान सात-आठ घंटांना घरमालकांचा चेहरा कोरा. नंतरच्या एका बसक्या, जाड आवाजाच्या घंटेला त्यांच्या भुवया उडाल्या. लोहार जुनी घंटा उचलून म्हणाला, "हां काका, थक गई है ये. अब इसको आराम दो." घरमालकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. चार-पाच वर्षांत त्यांच्याशी सहमत झालेला हा पहिला माणूस.

मला मात्र तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे घरमालकांपासून सुरक्षित, की म्हातारे गुराखी असेच येतात, कुणी घंटेलाच दोष देत येतं. मालकाचं वय वाढतं तशी जनावराची घंटा मोठी होत जाते. मग त्याने ती बसकी घंटा घेतली, कड ठोकून आवाज आणखी खाली आणला, लाकडाची नवी जीभ बसवली. पंचेचाळीस मिनिटांचे दोन तास झाले. बसमधून हॉर्न वाजत होता. तो ऐकू न येणारा माणूस आमच्यात एकच होता, पण मीही तिकडे पाठ केली.

आता परीक्षा. घरमालक पाठ फिरवून उभे राहायचे, मी घंटा हलवत लांब जायचं, ऐकू येईल तोवर त्यांनी दर टोल्याला हात वर करायचा. आधी जुनी घंटा. नवव्या पावलाला हात खालीच. मग नवी. मी पावलं मोजत निघाले. वीस, हात वर. चाळीस, हात वर. पन्नास ओलांडली तेव्हा मला स्वतःलाच घाई झाली, जणू भराभर गेले तर आवाजही पोचेल. साठाला हात वर होता, जरा उशिरा. एकसष्ट. बासष्ट. मी थांबून जोरजोरात हलवली. ते टोपी सरळ करून तसेच उभे होते, हात धोतराशी, कान देऊन.

मी परत आले. "कुटवर गेलता, म्याडम?"

"शंभर पावलं, आबा," मी ओरडून सांगितलं. मोजण्यात मी सहसा चुकत नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग घंटा पिशवीत ठेवत म्हणाले, "लई झाली."

यंदाचा आषाढ नेहमीसारखाच आला. धुक्यात अंगण गेलं, गोठा गेला, कोळवणकडे जाणाऱ्या जीपचे दिवे गेले. सगुणा रोज चरायला जाते. चहाची टपरी मात्र घरमालकांनी सोडली आहे. टपरीवाला विचारतो, आबा रुसले का. एका रविवारी मी छत्री घेऊन पायथ्याला गेले तर धुक्यात तो बसका आवाज येत होता आणि बऱ्याच मागे, डोक्यावर इरलं घेतलेले घरमालक उभे होते. आवाज पुढे सरकला की तेही सरकायचे. थांबला की थांबायचे. दिवसभर असंच. मला बघून म्हणाले, "टपरीवर बसून कट्टाळा येतुया. म्हनून हिंडतो जरा."

"बरं करता, आबा," मी म्हणाले.

मग ते पुन्हा आवाजाकडे कान देऊन उभे राहिले आणि त्यांच्यापासून मी आवाजाच्या दिशेने, उगीचच, पावलं मोजत गेले. साठाव्या पावलाला माझा हात सगुणेच्या ओल्या पाठीला लागला.