गोधडीचं कापड घ्यायला विहिणीसोबत: रामटेक ते इतवारी

सोमवारी नात झाली आणि मंगळवारी मी सुई शोधायला घेतली.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून आमची सून रुपाली नागपुरात महालात, तिच्या आईकडे. मी इकडे रामटेकला. मुलानं, प्रशांतनं, फोनवर बाळाचा व्हिडिओ दाखवला. नात गोड, नाक माझ्यासारखं, सगळं छान. पण तिला गुंडाळलं होतं एका गुलाबी ब्लँकेटमध्ये, आणि त्यावर हे एवढं अस्वल! फुगीर, चकचकीत, प्लास्टिकसारखं. विहीणबाईंनी म्हणे ऑनलाइन मागवलं.

आमच्याकडे बाळाची पहिली गोधडी बापाच्या आईनं शिवायची आणि बारशाला तीच पाळण्यात घालायची, अशी पद्धत. माझ्या सासूनं शिवली, तिच्या सासूनं शिवली. आता माझी पाळी आली, तर पाळण्यात आधीच अस्वल झोपलेलं.

ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "थंडी वाजू नये म्हणजे झालं वं. अस्वल असो का वाघ असो."

अशा माणसासोबत संसार केला. जाऊ द्या. बारसं पुढच्या रविवारी होतं. तोवर गोधडी शिवून झाली पाहिजे आणि ती कपाटात न जाता पाळण्यात गेली पाहिजे, एवढंच डोक्यात घेऊन मी निघाले.

गोधडीला काय काय लागतं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कोणाला शिवायची असेल तर दुकानात गोंधळ व्हायचा नाही. खालच्या अंगाला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड. वरच्या अंगाला रंगीत सुती तुकडे, त्यांना दुकानात कटपीस म्हणतात, ते किलोवर मिळतात. बाळाच्या अंगाला लागणार तिथं मलमल. आणि पोटात, म्हणजे मधल्या थरात, जुनं, नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं नाहीतर धोतर. हे शेवटचं विकत मिळत नाही. माझ्या जुन्या सुती साड्या मी दिवाळीच्या आधी भांडेवालीला देऊन पुरणाचं पातेलं घेऊन बसले होते. तेव्हा फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं. उरलं होतं ह्यांचं एक धोतर. ते पिशवीत टाकलं.

रामटेकहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, शंभराच्या आत नागपूर. मनसर, कन्हान, कामठी करत गाडी गणेशपेठच्या स्टँडला लागली. मी मनात भाव जुळवत उतरले, आणि समोर बघते तर विहीणबाई! जरीकाठाची साडी, केसात गजरा, हातात पर्स. मी प्रशांतला सांगितलं होतं की मी एकटी जाईन. त्यानं सासूला सांगितलं.

"ईनबाई, माह्या गावात तुमी एकट्या फिरान, तर लोक मले काय म्हणतीन?" त्या म्हणाल्या. "रुपालीजवळ जाऊबाईले बसवून आली. चाला."

विहीणबाई, आमच्या बोलीत ईनबाई, म्हणजे कुसुमताई. लग्नापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलात का", "बसा ना", "राहू द्या ना". तोंडभर साखर, पण पोटातलं एकमेकींना ठाऊक नाही. मी "कशाला त्रास घेतला" म्हणाले, त्या "त्रास कशाचा" म्हणाल्या, आणि आम्ही ई-रिक्षात बसलो. गांधीबागेपर्यंत माणशी वीस रुपये. ते त्यांनी दिले. मी माझे काढेपर्यंत रिक्षावाला गेलासुद्धा. एक शून्य.

गांधीबागेत कापडाची ठोक दुकानं. ठोक असली तरी पाच-सहा मीटर मागितलं तर देतात, फक्त सकाळी जायचं, दुपारनंतर त्यांना बोलायला वेळ नसतो. पहिल्याच दुकानात मांजरपाट काढायला लावलं.

"सत्तर रुपये मीटर, माताजी."

आता माझं रामटेकात थोडं नाव आहे. भाजीवाल्या मला बघून टोपलीवर पदर टाकतात, असं आमचे हे सांगतात. सत्तर ऐकल्याबरोबर "पंचेचाळीस" माझ्या दातापर्यंत आलं होतं. पण बाजूला विहीणबाई उभ्या. मुलाची आई नातीच्या गोधडीसाठी पाच-पाच रुपयांवर घासाघीस करते, हे त्यांनी बघायचं? मग उद्या महालात चार घरी सांगायचं? मी "पंचेचाळीस" गिळलं. गिळताना आवाज झाला असेल.

"द्या चार मीटर," मी म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाईंनी नोटा पुढे केल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा धरला.

"नाही जी, नातीचं आहे, मी देते."

"अन् माही कोन आहे मंग? शेजारची?"

दुकानदारानं दोन्ही हातांतल्या नोटा बघितल्या, जवळचा हात निवडला आणि पैसे गल्ल्यात टाकले. हात माझा होता. बरोबरी झाली, पण सत्तरच्या भावानं.

तिथून इतवारी पायी. इतवारीत कटपीसची दुकानं गल्लीत आहेत, बाहेर गाठोडीच गाठोडी पडलेली. गाठोडं उघडून आपण निवडायचं आणि काट्यावर टाकायचं. शिंप्याकडच्या चिंध्या पन्नास-साठ रुपये किलोनं मिळतात, पण त्यात नायलॉन फार, बाळाला नको. चांगले सुती तुकडे दोनशे-सव्वादोनशेला सुटतात, हे मला माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "तीनशे वीस."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. दोघीही हसलो. कसलं हसणं होतं ते! दात काढायच्या खुर्चीत बसलेली माणसं असं हसतात.

"छान आहेत तुकडे," त्या म्हणाल्या.

"छानच आहेत," मी म्हणाले.

दुकानदार हुशार. त्यानं लगेच आतून दुसरं गाठोडं आणलं. "लहान बाळासाठी ना? मग हे घ्या, साडेतीनशेवालं." तेच तुकडे होते, फक्त गाठ घट्ट बांधलेली. आणि आम्ही घेतलं! दीड किलो. पैसे त्यांनी दिले, कारण माझ्या पदराचं टोक त्यांनी पायाखाली धरून ठेवलं होतं.

पुढं मलमलचं दुकान. मलमल सुरेख होती, फुंकर मारली तर उडेल अशी. भाव एकशे साठ रुपये मीटर. असली मलमल नव्वद-शंभराच्या वर मी जन्मात घेतली नव्हती. बाजूला विहीणबाईंचा श्वास मोठा झालेला ऐकू येत होता. मला वाटलं, चालून दमल्या असतील.

"ईनबाई, आधी नाश्ता करू का?" त्या एकदम म्हणाल्या.

"करू, करू!" मी इतक्या जोरात म्हणाले की दुकानदाराच्या हातून गज निसटला.

कोपऱ्यावर तर्रीपोहे घेतले, तीस रुपये प्लेट. पोह्यावर लाल तर्री, त्यात हरभरे, वरून कांदा. नाकातून पाणी आलं तेव्हा जरा बरं वाटलं, कारण डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं. मी हिशेब केला तर निम्म्याहून जास्त पैसे उडाले होते. मनात आलं, असल्या महागड्या गोधडीत बाळाला झोप तरी लागेल का? वर ती पाळण्यात पडेल याचीही खात्री नाही. अस्वलाचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीही नाही.

पोह्यांच्या गाडीला लागूनच दोऱ्याचं दुकान. विहीणबाई म्हणाल्या, दोरा मी नेहमी इथूनच घेते. गल्ल्यावर एक म्हातारेसे गृहस्थ.

"रीळ तीस रुपये," ते म्हणाले.

विहीणबाईंनी मुकाट्यानं चार रिळांचे पैसे काढून काउंटरवर ठेवले.

त्या गृहस्थांनी पैसे उचलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ताई, तब्येत बरी नाही का तुमची?"

"काहून गा?"

"एवढी वर्षं झाली, तुमी पहिल्या भावाले हो म्हटलं असं कधी झालं नाही. मागच्या बारीले एका सुईपायी तुमी माहा अर्धा तास खाल्ला. पाणी आणू का? बसता का जराशा?"

विहीणबाईंचा चेहरा तर्रीच्या रंगाचा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साडीच्या काठाशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "आता ईनबाईसमोर कसं जी भाव करू? म्हणतीन, कशा घरची सून केली."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि जी हसायला लागले! पोट दुखलं.

"अवं कुसुमताई, मी मांजरपाटाच्या दुकानात जीभ चावून उभी होती! पंचेचाळीसच्या वर मी एक पैसा देल्ला नसता!"

"पंचेचाळीस?" त्यांचे डोळे मोठे झाले. "मी तर चाळीस म्हणणार होती!"

तेव्हा मला कळलं की ही बाई माझ्याहून वरची आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला. दोऱ्याची रिळं वीसच्या भावानं घेतली. ते गृहस्थ पैसे कमी घेऊनही खूश दिसले, माणूस बरं झालेलं बघून कोणालाही बरंच वाटतं.

मग आम्ही मलमलवाल्याकडे परत गेलो. आता त्या दुकानदाराची मला थोडी दया येते. विहीणबाईंनी मलमल हातात घेतली आणि नुसती मान हलवली. मी बोट ओलं करून कापडावर टेकवलं. "खळ आहे याच्यात. एका धुण्यात जाळी होईल."

"पन्नाबी कमी आहे," विहीणबाई म्हणाल्या. "चाला ईनबाई, महालात पाहू."

"नाही वं, त्याचा माल चांगला आहे. गरीब दिसते बिचारा. नव्वद देऊन टाकू."

"नव्वद? तुमी लय भोळ्या जी. चाला!"

आम्ही दोनदा पायऱ्या उतरलो. पहिल्यांदा त्यानं बोलावलं, दुसऱ्यांदा तो स्वतः मागून आला. एकशे पाचवर तोडलं, वर अर्धा मीटर तसाच. पैसे निम्मे त्यांनी दिले, निम्मे मी दिले, आणि कोणीच कोणाचा हात धरला नाही. कटपीसवाल्याकडेही जायचा विचार होता, पण आम्हाला दुरून येताना बघून तो दुकान नोकरावर सोपवून चहाला गेला.

महालात पोचलो. बाळ अस्वलात झोपलेलं. मी पिशवीतून ह्यांचं धोतर काढलं आणि सांगितलं की पोटात घालायला एवढंच आहे, पुरणार नाही. विहीणबाई उठून आत गेल्या आणि कपाटातून एक विटकी हिरवी सुती साडी घेऊन आल्या. हातात घेतली तर लोण्यासारखी.

"रुपाली झाली तवा हेच नेसून होती मी. भांडेवाली स्टीलची कढई देऊन राहिली होती हिच्यावर, झाकणासकट. नाही देल्ली."

मला माझं पुरणाचं पातेलं आठवलं.

जमिनीवर मांजरपाट अंथरलं, त्यावर धोतर, आणि त्यावर मी साडी पसरायला लागले, तर विहीणबाईंनी हात मागे घेतला.

"ईनबाई, असं कसं? माही साडी अन् व्याह्यांचं धोतर, लागूनच?"

रुपाली खाटेवर उशीत तोंड घालून हसत होती. "आई, अगं बाळाची गोधडी आहे ती!"

"म्हणून काय झालं? रीत आहे का नाही काही?"

शेवटी तो फुकटचा अर्धा मीटर मलमल मधे टाकला, तुकडे जोडून पुरवला, पडद्यासारखा. मग त्यांचं समाधान झालं. असली पडदा पद्धतीची गोधडी मी पहिल्यांदाच शिवली. त्या एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं. त्यांचे टाके लांब, माझे बारीक. "तुमी टाके घालून राहिल्या का मुंग्या मोजून राहिल्या?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मुक्काम मी प्रशांतच्या नागपुरातल्याच घरी करायची आणि सकाळी महालात यायची. शनिवारी दुपारी आमच्या सुया मधे भेटल्या.

बारशाला बायका जमल्या. मी मागे उभी होते. पाळणा सजवायला विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी आधी अस्वल उचललं आणि ते घडी करून पाळण्याच्या तळाला, गादीखाली घातलं. वर गोधडी पसरली. शेजारणीनं विचारलं, "कोणी शिवली वं?"

"आमी," विहीणबाई म्हणाल्या.

नातीनं नाव ठेवायच्या आधीच गोधडी ओली केली. बरोबर मधोमध.

रामटेकला परतून आता महिना होत आला. गोधडीला एकूण किती लागले म्हणून बायका विचारतात. शहाणी बाई पाच-सहाशेत करेल. आम्हाला हजारावर गेले, त्यातले निम्मे अब्रूचे. तरी मला ते महाग वाटले नाहीत. तुम्हाला सांगायचं तर एवढंच, की गांधीबागेत सकाळी जा, कटपीसचं गाठोडं तळापर्यंत उचकून बघा, आणि विहीण सोबत असेल तर आधी पोहे खा, मग खरेदीला लागा.

काल मी धान पाखडत होते तर फोन वाजला. विहीणबाई कुजबुजत होत्या.

"ईनबाई, दारावर चादरवाला आला आहे. साडेतीनशे म्हणून राहिला. अडीचशेच्या खाली येऊनच नाही राहिला. फोन मोठ्यानं करते, तुमी बोला."

मी सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि रामटेकातून ओरडले, "काहून गा, चादरीले सोनं लावलं का?"

पलीकडून चादरवाल्याचा आवाज आला, "काकू, ह्या कोन?"

"माही ईन आहे."

"अजून एक?" तो म्हणाला. "दोनशे द्या, अन् फोन ठेवा."