कढीपत्त्याला दिलेली मोकळी जमीन

मी माती तपासणारा इंजिनीअर आहे, आणि स्वतःच्या अंगणातली माती न तपासता बायकोचा कढीपत्ता तिथे लावून टाकला.

कढीपत्ता साधासुधा नव्हता. मनामातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, एका निळ्या पिंपात, बायकोने तो नऊ वर्षं वाढवला होता. बहारीनचा उन्हाळा सुरू झाला की त्याला जुन्या ओढणीची सावली करायची, एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून तेच घालायची. मला ताप आला तेव्हासुद्धा इतकी देखभाल झालेली आठवत नाही. ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांची फोडणी त्या एका झाडावर चालायची.

मग आम्ही जनाबियाला व्हिलात राहायला आलो आणि पुढे चांगलं ऐसपैस अंगण मिळालं. ऑक्टोबरात ऊन जरा माणसात आलं, तसं मी जाहीर केलं की झाड पिंपात कोंडलंय, त्याला जमीन देऊ. इथली माती त्याला चालेल का, असं तिने विचारलं. मी हसलो. पंधरा वर्षं याच मातीचं खातोय, आणि ही मला विचारते!

त्याच आठवड्यात झल्लाककडे घर बांधणाऱ्या एका गृहस्थाची मी हजेरी घेतली होती. सेप्टिक टँकचं पाणी मुरवायला त्याने शोषखड्डा आखला होता, पण तपासणी मफी, म्हणजे इथल्या भाषेत अजिबात नाही. मी त्याला अर्धा तास सुनावलं. वर वाळू दिसते म्हणून पाणी मुरेल असं धरून चालू नका, खाली दगडासारखा थर असतो. आधी खड्डा खणा, पाणी भरा आणि घड्याळ लावून बसा, किती उतरतं ते बघा. बिचाऱ्याने वहीत लिहून घेतलं. रात्री जेवताना हा पराक्रम मी बायकोला तिखटमीठ लावून ऐकवलाही.

शुक्रवारी अंगणात खणायला घेतलं. दीड हात खाली गेलो आणि पहार टण्णकन वाजली. ऑफिसात असतो तर रिपोर्टात लाल शाईने दोन ओळी लिहिल्या असत्या. घरी मात्र, चला, बूड पक्कं आहे, वादळात झाड हलणार नाही, असं म्हणून मी खूश झालो. लाल मातीच्या दोन पिशव्या ओतल्या, शेणखत घातलं, कराडला परड्यात करायचो तसं गोल आळं केलं आणि सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी सुरू केलं.

सकाळचं पाणी दुपारपर्यंत आळ्यात तसंच दिसायचं. माती ओल धरून आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. आठ-दहा दिवसांनी आळ्याच्या कडेला पांढरी साय धरली. बायकोने अंड्याच्या टरफलांची पूड टाकली असेल, असं वाटून मी तिचं कौतुक केलं. तिने काहीच टाकलं नव्हतं. पानांच्या कडा करपल्या तेव्हा मी पाणी वाढवलं. पानं गळायला लागल्यावर आणखी वाढवलं.

कुणी पानं मागायला फोन केला की बायको 'आता पानं नाहीत' म्हणून सांगायची. रोज सकाळी गळलेली पानं वेचून माझ्या चहाच्या बशीत ठेवायची.

शेवटी तिने काकांना बोलावलं. हे दापोलीकडचे, आमच्या कंपाउंडचे नळ आणि बाग दोन्ही तेच बघतात. त्यांनी कडेची पांढरी साय बोटावर घेतली, जिभेला लावली आणि थुंकले.

"मीठ आहे हे. खड्ड्यात पाणी भरून बघितलं होतं का आधी?"

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही झल्लाकच्या माणसाला तेच सांगितलं होतं ना?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो की बरोबर आहे, कडक थरामुळे पाणी खाली जात नाही, उन्हाने वरून उडून जातं आणि जमिनीतले क्षार मुळांशी गोळा होतात. सगळं मला पाठ होतं.

काकांनी झाड उपटलं आणि गुडघ्याएवढा खुंट ठेवून वरचं छाटलं. मला एसीच्या पाण्यात मुळं धुवायचं काम मिळालं. मग खुंट परत पिंपात गेला. बायकोने हळूच विचारलं, "वाचेल का?" काका इंशाल्ला म्हणाले, पण आमच्याकडे ठेकेदार काम संपायची तारीख सांगताना म्हणतो त्या सुरात. ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढे सखीरला एका इमारतीच्या पायाच्या कामावर माझी नेमणूक झाली. पहाटे जायचं, अंधारात परतायचं. दोन आठवडे झाडाकडे बघायलाही सवड झाली नाही. मग सुट्टीच्या दिवशी बायकोने हाक मारली. ती पिंपापाशी उकिडवी बसली होती, काका शेजारी उभे. खुंटाला तांबूस-हिरवे दोन कोंब फुटले होते. ती त्यांना बोट लावायची आणि पटकन मागे घ्यायची.

मला राहवलं नाही. "मुळं मीच धुतली होती," मी म्हणालो.

"साहेब," काका म्हणाले, "तुम्ही दोन आठवडे इकडे फिरकला नाहीत, म्हणून जगलं ते."