ओट्यासमोरची जागा

आमच्या गाण्याच्या पार्टीत बाबा ऑर्गन वाजवतात आणि मी गाते. सूर त्यांनी द्यायचा, मी उचलायचा. तो नसला की माझा गळा उंबरठ्यावरच अडतो. वर्षभर त्यांना दम लागत होता. दवाखान्यात चला म्हटलं की "पाहू" म्हणायचे.

आम्ही कुठे वाजवलं नाही? तुमसरला राइस मिलच्या आवारात कोंड्याचा ढीग अर्धा आवाज गिळतो, शहापूरच्या मंगल कार्यालयात पत्रे तोच दुप्पट करून अंगावर फेकतात. पण बाबांच्या मते त्यांच्या गावच्या ओट्यासारखी जागा दुसरी नाही. मी हसायचे, कारण ते गाव धरणाच्या पाण्याखाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं आणि नाटकाचा तो ओटा वर आला. पुनर्वसनातल्या लोकांनी दिवस मावळायच्या आत तिथे कार्यक्रम ठरवला. बाबा ऑर्गन घेऊन सकाळीच पुढे गेले, आम्ही बाकीचे दुपारी पोचलो. भेगाळलेला गाळ, पांढरे शिंपले, घरांची नुसती जोती. आणि ओट्यासमोर अंथरलेले गोणपाटाचे बोरे, प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांवर गोटे. आमच्याकडे नाटकाला असाच बोरा टाकून जागा धरतात. पण माणसं येऊन बसली तरी निम्मे बोरे रिकामेच. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीला मी विचारलं, "याच्यावर बसाले कोन येनार हाये?"

"ते गेले, पोरी. ज्याची जागा त्याले द्या लागते. कार्यक्रम झाला का आपन आपला बोरा उचलाचा, त्यायचा पान्यासाठी राहू द्याचा."

तिच्या शेजारची बसायची जागा आमच्या घरच्यांची, तिनेच दाखवली. तिथेही एक रिकामा बोरा.

"हा माह्या आजोबाचा?"

"नाही वं. तुह्या बाबाचा."

माझं डोकंच फिरलं. बाबा तर वर ऑर्गन पुसत होते. "जित्या मानसाचा बोरा कोनं टाकला?"

"त्यायनंच. सकायी."

मी ओट्यावर चढले. गाणी झाली. टाळ्या अर्ध्याच मैदानातून यायच्या, आणि उरलेल्या अर्ध्यातूनही येतील की काय, याची मला भीती वाटत होती.

शेवटच्या गाण्याआधी बाबांनी ऑर्गनचं झाकण लावलं. हळूहळू खाली उतरले आणि आपल्या बोऱ्यावर मांडी घालून बसले. "गा बाई," म्हणाले. "मी तुले समोरून कधी आयकलंच नाही."

सूर द्यायला कोणी नव्हतं. तरी सूर पहिल्याच झटक्यात लागला, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

लोक बोरे झटकून घड्या करू लागले. बाबा उठले आणि तसेच चालू लागले. मी रागाने गोटे लाथाडले आणि त्यांचा बोरा काखेत मारला.

"ठेव तिथंच," ते मागे वळून म्हणाले. "उचलला का जागा जाते."

मी बोरा पुन्हा अंथरला. गोटे शोधून आणले आणि चारी कोपऱ्यांवर ठेवले.