बोर्ड न लावता विकलेलं घर

मी बदनापूर सोडलं त्या सकाळी पॅसेंजर दीड तास लेट होती, त्यामुळं निरोपाचं सगळं रडणं पहिल्या वीस मिनिटांतच उरकलं. आईनं डोळे पुसले आणि ती बाकड्यावरच्या अनोळखी बाईशी मेथीच्या भावावर बोलायला लागली. बाबांनी माझं तिकीट तीनदा तपासलं, जणू मधल्या काळात ते बदललं असतं. थोरली बहीण अक्का सासरहून, हसनाबादहून, खास आल्ती. ती माझ्या पिशवीत एकेक पुडकं कोंबत होती. बाबा एवढंच म्हणाले, "पुण्यात काही अडलं तर आधी घरचा माणूस गाठायचा. परका पैसे मागतो, घरचा चहा पाजतो." मी मान डोलावली. गाडी आली तेव्हा मी चहाच पीत होतो. मला ढकलून डब्यात बसवावं लागलं. शहर जिंकायला निघालेला वीर अर्धा कप फलाटावर सोडून गेला.

तुमच्यातले जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांसाठी हे लिहितोय. राहिलेल्यांनी मला खुशाल शिव्या द्याव्यात. निघालेल्यांनी, त्यातही ज्यांच्या मनात गावाकडचं घर विकायचं आहे त्यांनी, शेवटपर्यंत वाचावं.

पुण्यात मी हुशार झालो. मिक्सर घ्यायचा तर तीन दिवस रिव्ह्यू वाचतो. दाढ काढायला डॉक्टर निवडला तोही लोकांनी दिलेले तारे मोजून. सोसायटीच्या लिफ्टचं कंत्राट द्यायचं होतं तेव्हा कमिटीत बसून तीन कोटेशनं मागवली आणि तिघांनाही घाम फोडला. आणि बापाचं घर विकायची वेळ आली तेव्हा एजंट कसा निवडला? तो माझ्या आत्याचा मुलगा होता म्हणून.

घर तीन खोल्यांचं. बाबा शेती संशोधन केंद्रात मजूर म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात जसं जमेल तशी एकेक खोली वाढवली. पहिल्या भिंती उभ्या राहिल्या त्या उन्हाळ्यात अक्काची शाळा थांबवली, ती कायमचीच. हातपंपावरून घागरी आणून ती दिवसातून तीनदा विटांवर पाणी मारायची. मी पाच-सहा वर्षांचा होतो. माझं योगदान म्हणजे ओल्या कोब्यावर उमटवलेला पाय. गवंडी पुसायला निघाला तर बाबांनी पुसू दिला नाही. "राहू दे, वारसाचा पाय हाय," म्हणाले. पाणी मारणारीचा कुठंच ठसा राहिला नाही. पाण्याचा कुठं राहतो?

बाबा गेले, वर्षभरात आईही गेली. मग आपल्याकडं जे सगळे भाऊ करतात ते मीही केलं: अक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. बापाच्या घरातला आपला हिस्सा भावाला सोडून देणारा कागद. बहिणीनं तो मागितल्याबरोबर द्यायचा असतो. जी देत नाही तिचं माहेर तुटतं, असं म्हणतात. अक्कानं वाचलाही नाही. रजिस्ट्री ऑफिसातल्या बाबूनं विचारलं, "बाई, राजीखुशीनं ना?" तर म्हणाली, "मला काय घर उचलून न्यायचंय का? दोन दिवस येऊन टेकायला जागा राहू द्या, बास." बाबू हसला. मीही हसलो. ती अट लिहायला कागदावर रकाना नव्हता.

पुढं बरीच वर्षं घर बंदच होतं. एक किल्ली माझ्याकडं, एक अक्काकडं. वर्षातून दोनदा ती यायची, झाडून काढायची, देवापुढं दिवा लावायची आणि एक मुक्काम करून जायची. निघताना मला फोन. "किशोर, घर बराबर हाय." माझ्या दृष्टीनं घर बराबर असणं म्हणजे हा फोन येणं. त्याहून जास्त मी त्या घरासाठी काही केलं नाही.

मग आम्हाला पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायची हुक्की आली. कारण काय, तर गेस्ट रूम. गावाकडची माणसं आली तर त्यांना मोकळेपणी राहता यावं. म्हणजे गावाकडच्यांना टेकायला जागा हवी म्हणून मी गावाकडचं घर विकायला काढलं. नातेवाइकांत माझी विनोदी माणूस म्हणून ख्याती आहे, पण हा विनोद मला तेव्हा कळला नाही.

बायको माझ्याहून शहाणी. सुनीतानं एजंटला विचारायचे दहा प्रश्न कागदावर काढून दिले आणि जालन्यातल्या एका मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. छोटंसं ऑफिस, भिंतीवर सरकारी नोंदणीचं आणि परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट, टेबलावर नीट लावलेल्या फायली. मी चष्मा लावून विचारायला लागलो: बदनापुरात याआधी काय काय विकलंत? किंमत कशावरून ठरवता? लेखी करार करता का? घर बघायला येणाऱ्यांची चौकशी कोण करतं? मॅडमनी सगळ्याची उत्तरं दिली. आसपास अलीकडं विकल्या गेलेल्या घरांचे कागद दाखवले, कराराचा नमुना पुढं सरकवला. मग म्हणाल्या, "आता माझा एक प्रश्न. उताऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव दिसतंय. बहीण-भाऊ?"

"एक बहीण. हक्कसोड झालाय."

"त्यांना माहिती हाय का, तुम्ही विकून राह्यले म्हणून?"

"सही आहे ना त्यांची."

"सही हाय हो, कायद्यानं बराबर हाय. पण माझी पद्धत हाय, घर दाखवायच्या आधी घरच्या सगळ्यांशी बोलून घेते. आणि दारावर बोर्ड लावते. चोरून विकलेल्या घराला गिऱ्हाईक बी चोरटंच येतं. नंबर द्या त्यांचा, तुम्हाला अवघड वाटत असलं तर मी बोलते."

मला दोन्ही नको होतं. बोर्ड नको, कारण आपल्याकडं बापाच्या दारावर 'विकणे आहे' लागलं की गल्ली विचारते, पोराचं पुण्यात काय बुडालं? आणि अक्काला सांगायचं नव्हतं असं नाही. सांगणारच होतो. सौदा झाल्यावर, समक्ष, चांगलीशी साडी घेऊन. 'विचार करून कळवतो' म्हणून उठलो. गाडीत सुनीताला म्हणालो, "बाई जरा जास्तच चौकस आहे." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही चौकस बाईच शोधत होता ना?"

भागवत, माझा आत्येभाऊ, याची पद्धत वेगळी. आधी मोबाईलचं दुकान, मग बियाण्याची एजन्सी, हल्ली प्लॉटिंग. ऑफिस म्हणजे मोटारसायकल. तीर्थपुरीपासून भोकरदनपर्यंत कुणाला काय विकायचंय आणि कुणाला काय घ्यायचंय, सगळं तोंडपाठ.

"दादा, तुम्ही निस्तं हो म्हना," तो म्हणाला. "बोर्ड न्हाई, बभ्रा न्हाई. आन करार-बिरार कशाला आपल्या-आपल्यात? अक्काला इतक्यात बोलू नका. रडंल ती. सौदा होऊ द्या, मंग सांगू. कुनाला बिलकुल पत्ता लागू देत न्हाई."

"बघ हं, कुणालाही कळू द्यायचं नाही," मीच वर बजावलं.

चहा त्यानंच पाजला. दहातला एकही प्रश्न मी त्याला विचारला नाही. आत्याच्या पोराला 'तुझी नोंदणी आहे का रे' असं कोणत्या तोंडानं विचारायचं?

तीन आठवड्यांत गिऱ्हाईक आलं. आमच्या शेजारची जागा आधीच घेतलेला माणूस; त्याला दोन्ही मिळून दुकानाचे गाळे काढायचे होते. भागवतनं घराचं कुलूप बदललं. रजिस्ट्रीच्या दिवशी मी सकाळी बदनापूरला गेलो, सह्या केल्या आणि दुपारी परतलो. आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. अक्काला सांगायचं मी दिवाळीवर ढकललं.

दिवाळीला अजून महिना होता. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना अक्काचा फोन आला. ती कधी ऑफिसच्या वेळात करत नाही, म्हणून बाहेर येऊन घेतला.

"किशोर, आपल्या घराला जेसीबी लागलाय रे! घाबरू नको, मी हितंच हाय. मधी उभी राह्यले मी. ड्रायव्हर म्हनतो मालकानं धाडलंय. म्या म्हनलं, मालक माझा भाऊ हाय, पुन्याला असतो, तो आल्याबिगर वीट हलायची न्हाई. कुनीतरी जागा दाबून राह्यलं बघ. तू जल्दी निघ."

मागं इंजिनाची घरघर ऐकू येत होती. माणसं गोळा झाल्याचा गलका होता. माझी साठीची बहीण माझ्या घरासाठी यंत्रापुढं उभी होती.

"अक्का," मी म्हणालो, "बाजूला हो. मी विकलंय ते."

ती ड्रायव्हरशी बोललेली ऐकू आली. "चालू कर भाऊ. माझीच चूक झाली." फोन बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नसावं. पहिली भिंत पडल्याचा आवाज मी पुण्यात, काचेच्या दाराबाहेर उभा राहून ऐकला. आत सहकारी हातानं खुणावत होते, तुमची स्लाइड आली म्हणून. मी आत गेलो आणि स्लाइड दाखवली. तेही लिहून ठेवतो.

ती त्या दिवशी बदनापुरात काय करत होती, ते संध्याकाळी दाजींकडून कळलं. त्यांच्या धाकट्या लेकीला जालन्यात नोकरी लागल्ती. हसनाबादहून रोजचं जाणं-येणं होईना, म्हणून बदनापुरात, जिथून जालन्याला रोज गाडीनं जाता येतं, स्टेशनाजवळ एखादं जुनं घर विकत घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सहा महिन्यांपासून शोधत होते. त्या दिवशी एक घर बघून, ते पसंत न पडल्यामुळं, अक्का म्हणाली, चला, आपल्या घरात घडीभर टेकू.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ती म्हनली, किशोरला सांगितलं की तो म्हननार, आपल्याच घरात राहा. तुमच्या घरात फुकट राहनं मला पटलं नसतं," दाजी म्हणाले. "विकत द्या म्हनायची तिची छाती झाली न्हाई. भावाला बापाचं घर विक कसं म्हनायचं? म्हनून भागवतला सांगून ठेवल्तं. म्हनलं घरचा मानूस हाय."

मी भागवतला फोन लावला. "अक्का घर शोधतेय हे तुला माहीत होतं?"

"होतं की."

"मग तिला का नाही दाखवलंस? मला का नाही बोललास?"

"दादा, आता तुम्हीच सांगा," तो अगदी शांतपणे म्हणाला. "तुम्ही बी घरचे, अक्का बी घरची. तुमचं घर तिला दिलं तर दलाली कुनाकडून मागू? मागितली तर गाव म्हननार, भागवत भावा-बहिनीत खातो. न्हाई मागितली तर मी काय खाऊ? आन तुम्हीच म्हनल्ते ना, कुनाला कळू देऊ नको. मी शब्द पाळला."

जालन्याच्या मॅडमना मी अक्काचा नंबर दिला असता आणि त्यांनी एक फोन केला असता, तर अक्कानं घर घेतलं असतं. नुसतं एका पत्र्याच्या तुकड्यावर 'विकणे आहे' लिहून दाराला टांगलं असतं तरी शेजारणीनं तिला कळवलं असतं. ज्यांनी मला अवघड प्रश्न विचारला त्यांना मी नाकारलं आणि ज्यानं विचारला नाही त्याला बापाचं घर दिलं. एजंट निवडताना काय बघावं, असं आता कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो: त्याच्या कोणत्या प्रश्नाला तुमची मान खाली गेली, ते बघा. तोच माणूस घ्या.

भाऊबीजेला गेलो. अक्कानं बदनापुरातच, रुळाच्या पलीकडच्या नव्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. तिनं मला खुर्चीवर बसवलं. ओवाळलं. साडी दिली तर कुंकवाचं बोट लावून बाजूला ठेवली. "साखर किती टाकू?" असं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाली, "राहू दे. तुझं घर होतं, तू विकलं. कागद बराबर हाय."

"मुक्काम हाय का?" दाजींनी विचारलं.

"नाही, संध्याकाळची गाडी आहे," मी म्हणालो. अक्कानं आग्रह केला नाही.

निघताना तिनं आतून टॉवेल आणि टोपी आणली. आपल्याकडं व्याह्याला, लांबच्या पाहुण्याला देतात तसा आहेर.

"अक्का, मला कशाला गं हे?"

"पाव्हन्याला रिकामं धाडू नये."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. टोपी घालून घ्यावी लागते, घातली.

बाहेर पडलो आणि दुसऱ्या वळणावर चुकलो. मी शाळेत असताना तिथं ज्वारी असायची. आता सगळ्या गल्ल्या सारख्या. एका ओट्यावर म्हातारबाबा बसले होते. माझ्या डोक्यावरची कोरी टोपी बघून म्हणाले, "कुनाकडं आल्ते पाव्हने?"

बाबांचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते सांगून आता बदनापुरातलं कुठलंच दार सापडत नाही. मी दाजींचं नाव सांगितलं.

"ते हसनाबादचे होय? चांगली मानसं हायेत," म्हातारबाबा म्हणाले, आणि त्यांनी मला स्टेशनाची वाट दाखवली.

पुण्यात कुणी विचारलं, गाव कुठलं, तर मी अजून बदनापूरच सांगतो. तिथं आमच्यातलं एकच माणूस आता घर करून आहे. तिच्याकडं जायचं तर मी आधी फोन करतो आणि विचारतो, "अक्का, येऊ का?" ती ये म्हणते. अजून तरी म्हणते.