अळ्यांवर पोसलेले मासे

गल्ली त्यांना अळीकाका म्हणे. शोभेच्या माशांना मासळीची भुकटी घालणं बंद करून त्यांनी मागच्या खोलीत अळ्या वाढवल्या, वाळवून दळल्या आणि बाराही टाक्यांत एकदमच सुरू केल्या. एखादी टाकी जुन्या खाद्यावर ठेवून बघण्याइतका संशय त्यांच्या स्वभावात नव्हता. तीन महिन्यांत मासे गुटगुटीत झाले, पण अळ्यांत रंग चढवणारं काही नसल्यामुळे लालाचे पांढुरके झाले.

"अहो, मासे न्यायला दुकानदार येतोय. त्याला काय दाखवणार?" बायकोने विचारलं.

"तब्येत."

दुकानदाराने सगळ्या टाक्या पाहिल्या. "काका, गिऱ्हाईक मासा रंगासाठी नेतं, वजनासाठी नाही," म्हणत तो रिकाम्या पिशव्या घेऊन गेला.

भुकेले मासे वर आले. घरात दुसरं खाद्य नव्हतं. काकांनी तीच अळ्यांची भुकटी टाकली आणि पहिल्यांदाच त्यांचं खाणं बघायला थांबले नाहीत.