हायड्रावरची निळी रेघ

अर्थ कळल्याशिवाय ब्रश न उचलणारा पेंटर साऱ्या पनवेल तालुक्यात एकच होता, आणि तो मला मेहुणा म्हणून मिळाला. दुकानांच्या पाट्या, ट्रक आणि होड्यांवरची नावं रंगवण्यात पत्नीच्या या थोरल्या भावाची चाळीस वर्षं गेली. गिऱ्हाईक नाव सांगे, मेहुणे विचारत, ‘‘म्हणजे काय?’’ उत्तर आलं नाही तर पाटी भिंतीला टेकून राही. एका कापडदुकानाची अशी अकरा दिवस राहिली. दुकानाला मुलीचं नाव होतं, आणि त्याचा अर्थ मुलीच्या आईलाही ठाऊक नव्हता. आकडे मात्र ते लगेच रंगवत. ‘‘आकड्याला कसला आलाय अर्थ?’’ म्हणत. मी आकड्यांतला माणूस, यावरून आमचं दोनदा वाजलं होतं.

पुढे स्टिकर आले. कामं कमी झाली, तशी मेहुण्यांची चौकशी आणखी खोल गेली. अशात कोन गावचा एक तरुण नवा हायड्रा घेऊन आला. लांब सोंडेने ओझं उचलून चालणाऱ्या त्या पिवळ्या क्रेनला आपल्याकडे सगळे हायड्राच म्हणतात. त्याचं शेत रस्त्यात गेलं होतं. आता पोट या क्रेनवर.

‘‘काका, बाजूला मोठ्या अक्षरांत हायड्रा लिवा.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘क्रेन.’’

‘‘ती दिसतेय मला. नाव कुठलं?’’

‘‘ज्यानं नाव ठेवला त्याला विचारा. मी चालवनारा हाय.’’

मेहुणे सहा दिवस वाचनालयात बसले. सातव्या दिवशी कोनला त्याच्या घरी जाऊन ओटीवरच सांगून टाकलं: ग्रीकांच्या पुराणातला हा पाणसाप, डोकी नऊ, एक तोडलं की दोन उगवतात. काही जण शंभर म्हणतात. (मला विचाराल तर नऊ आणि शंभर यांत फार अंतर आहे.)

तरुणाची आई आत भाकऱ्या थापत होती. तिचा नवरा मिठागरावर साप चावून गेला होता, हे मेहुण्यांना माहीत नव्हतं. ती हात न धुताच बाहेर आली. ‘‘सापावं माझा पोर बसनार नाय,’’ एवढंच म्हणाली. क्रेन दारात उभी राहिली.

‘‘काका, गप बसला असता तर काय बिघडला असता?’’ तरुण म्हणाला. मेहुणे आमच्याकडे, बहिणीच्या घरी, जेवायला आले आणि ताट तसंच ठेवून उठले.

पाच दिवसांनी ते पुन्हा कोनला गेले. मीही होतो. ते आईसमोर बसले. ‘‘साप आहे तो आहेच, वहिनी. खोटं सांगणार नाही. पण मी अर्धंच सांगितलं होतं. हा शब्द मुळात पाण्यावरून आला. त्याच घराण्यातला एक शब्द आपल्याकडे आहे. उद. खाडीतलं पाणमांजर.’’

‘‘उद?’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या जाल्यातली मासली खायाचा मेला. यांनी काठी उगारली तरी हालायचा नाय. मंग हेच म्हनायचे, र्‍हाऊ दे, त्याची पन पोरा असतील.’’ पदराने डोळे पुसून ती मुलाला म्हणाली, ‘‘चालव. पन साप काढून नको घेऊ वर.’’

साप काढलाच नाही. मेहुण्यांनी नाव रंगवलं आणि खाली पाण्याची निळी रेघ ओढली. ते त्यांचं शेवटचं काम. गेल्या वर्षी ते गेले.

मागच्या महिन्यात रस्त्यावर मी सतरा हायड्रा मोजले. सोळांवर स्टिकर होते. सतराव्याची रेघ धुळीने मळली होती. मी स्कूटर थांबवली आणि रुमालाने पुसली.