दुकानाचं बियाणं

१४ ऑगस्ट २००६. दुकानाच्या वहीतली नोंद. आजचं काम: बॅकअप का अडतो ते शोधणे.

धानोऱ्यात माझं फोटो आणि टायपिंगचं दुकान होतं. जूनमध्ये वीज पडली तेव्हा कॉम्प्युटरची आतली डिस्क जळाली. नवी बसवली. जुने सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते, म्हणून मी फार हळहळले नाही. पण जुलैपासून तिच्यावर नवं काही चढेना. निम्म्यात कॉपी थांबायची. कामाच्या गर्दीत मी ते पुढे ढकललं होतं. त्या सोमवारी गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा केबल बदलून बघायला बसले.

तेवढ्यात एक बाई आणि तिचा दीर आले. तलावावर मासे धरणारी माणसं. बाईचा नवरा जाळं टाकताना बुडाला होता, हे मी ऐकलं होतं.

"बाई, उद्या तेरवी हाय," दीर म्हणाला. "भाऊचा फोटो पायजे. मागच्या साली मासेमारी सोसायटीच्या कार्डासाठी तुमीच काढला होता."

"घरी एखादा असेल ना?"

"एकच होता, कार्डावरचा. कार्ड खिशात होतं जी. पाण्यानं लगदा झाला त्याचा."

बाई म्हणाली, "लेक दीड वर्साची हाय. तिले दाखवाले काईच नाई."

"फोटो काढतेवेळी भाऊ असा बसला होता जसा मास्तरासमोर," दीर म्हणाला. "तुमीच दटावलं होतं, खांदे सोडा म्हणून."

मला ते आठवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं.

केबल बदलून फरक पडला नाही. कॉम्प्युटरच्या मागचं भोक सोडून पुढच्यात लावली, तेच. शेजारच्या एसटीडीवाल्याच्या कॉम्प्युटरला जोडली, तिथेही अडकली. म्हणजे माझी मशीन ठीक, डिस्कच बिघडली. हातात धरून पाहिली तेव्हा प्रथमच लक्षात आलं, तिला धुराचा वास येत होता. सांध्यांत काजळी होती.

दुपारी जेवायला घरी गेले आणि मोठ्या जावेला विचारलं. वीज पडल्यापासून मी डिस्क रोज घरी आणायची, म्हणजे दुकानाला काही झालं तरी ती वाचावी. ठेवायचं काम जावेकडे.

"कुठं ठेवता बाई, ही डिस्क?"

"चुलीवरच्या फळीवर. वाळकाच्या बियायपाशी."

"चुलीवर? काऊन?"

"पावसात बियाणं अजून कुठी ठेवतेत वं? तूच तं म्हणली, हे दुकानाचं बियाणं हाय, ओल लागू देऊ नोका."

म्हटलं होतं खरं. आमच्याकडे पावसाळ्यात जे जपायचं ते धुरात आणि शेकात ठेवतात, आणि ती पद्धत चुकीची नाही. बियाण्याला कीड लागत नाही. जावेने नेमकं सांगितलं तेच केलं होतं. जेवून परत निघाले.

दुकानात डिस्क स्टीलच्या ताटात ठेवली, टेबलफॅन तिच्याकडे वळवला. आता सगळं एकदम कॉपी करायचं नाही, एकेक फाईल घ्यायची असं ठरवलं. फायलींना माणसांची नावं नव्हती, कॅमेऱ्याने दिलेले आकडे होते. त्यामुळे प्रत्येक उघडून चेहरा बघावा लागे. काही उघडत. काहींवर डिस्क आतून टकटक करी, मग बंद करून थंड होऊ द्यायची आणि ती फाईल सोडून पुढे जायचं. सोडलेल्या प्रत्येक फाईलमध्ये कोणीतरी होतं.

दिवेलागणीच्या सुमारास तो सापडला. ताठ बसलेला, कान दोन्ही बाजूंनी दिसतात, ओठ घट्ट. खांद्यांपर्यंत चित्र होतं, त्याखाली नुसता करडा पट्टा. लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. पुढच्या फाईलला डिस्क दोनदा टकटकली आणि फिरायची थांबली. त्यानंतर ती कधीच फिरली नाही. राहिलेली माणसं तिच्यातच राहिली.

दीर बाहेर वाट पाहत उभा होता. "आहे," म्हणून आत बोलावलं; पडद्यावर भाऊला त्याने लगेच ओळखलं. त्याने हात जोडले आणि सायकलवर टांग मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडा पट्टा कापून फोटो मोठा छापला, चौकटीत घातला. त्याच्या दोन सीडी काढल्या, एक दुकानाच्या कपाटात ठेवली. पहिल्या बसने तलावाच्या गावी गेले. बाईने चौकट दोन्ही हातांनी धरली आणि लेकीसमोर नेली. दुसरी सीडी मी दिराच्या हातात दिली आणि पेटीत ठेवायला सांगितलं, चुलीपासून लांब. मग खिळा आणि दगड मागितला, आणि भिंत कुठे पक्की आहे ते ठोकून पाहिलं.